पोचपावतीवरची सही

आता पार्सलला भ्यायचं ते काय, असं तुम्ही म्हणाल. सोजराबाईही तेच म्हणायची. त्या दिवशी धाग्याच्या कारखान्यातली पहिली पाळी उरकून ती सरावली गावातल्या भाड्याच्या खोलीवर आली, कुलूप उघडलं, आणि बंद खोलीत मधोमध खोकं! खालून पाझरत होतं. फरशी पांढरी पडून फुगली होती, भिंतीचा रंग वीतभर सोलला होता. खोक्यात बिनलेबलाचा कॅन, झाकण तडकलेलं. आणि वास... कुजक्या मुळ्याचा, घशात बसणारा. तिचा नवरा चंद्रभान केमिकल कंपनीतून कामावरून आला की त्याच्या शर्टाला हाच वास यायचा. साबणाच्या किती वड्या झिजवल्या तिने त्यापायी.

खोक्यावर नावही चंद्रभानचंच होतं. आणि चंद्रभानला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

एक गोष्ट तिने पाहिली नि गिळली. ओघळाच्या मधोमध दोन जागा कोरड्या राहिल्या होत्या. पावलांएवढ्या.

घरमालक अण्णा दारातूनच ओरडले, "फरशी माझी हाय, बाई. आठ दिवसांत करून दे, नाय तर खोली खाली कर!" लेक स्वराची दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली. जायचं कुठे, गावी वाशीमला? तिथे तरी कोण आरतीचं ताट घेऊन उभं आहे! तिने कुरियरच्या कचेरीत भरपाईचा अर्ज टाकला.

चौथ्या दिवशी दुपारी कुरियरचा मेहुल आला. टेपने फरशी मोजली, फोटो काढले, मग मोबाइल पुढे धरला.

"ताई, माल चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून यांनी सही केलीय. मग भरपाई कशी मिळणार?"

सही चंद्रभानची. खाली दोन रेघा, दुसरी तिरपी. सही शिकला तेव्हापासून तो तशाच ओढायचा.

"दाराला कुलूप होतं, साहेब... आणि हे वारलेत."

मेहुलने मोबाइल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "तसं असेल तर लिहून द्या... सदर इसम त्या वेळी हजर नव्हता. सही खोटी ठरेल, पैसे मंजूर होतील."

हे वाक्य सोजराबाईला पाठ होतं. दीड वर्षापूर्वी शेजारच्या बबलूला ताप भरला होता. खाडा पडला तर ठेकेदार काढून टाकेल, म्हणून त्याच्या गेटपासवर चंद्रभान त्या पाळीला गेला. तिथे असं सर्रास चालतं. साहेबाला हात मोजायचे असतात, तोंडं कोण बघतंय! आणि नेमका त्याच पाळीत रिअ‍ॅक्टर फुटला. प्रेत गेटबाहेर मिळालं, कंपनीवाले म्हणाले. रजिस्टरात बबलू हजर, आणि चंद्रभान? सदर इसम त्या वेळी हजर नव्हता. बबलू गावाला पळाला, तो अजून परतला नाही. मेल्यांनो, मग राख कुणाची दिलीत मला? दीड वर्ष तिने उंबरे झिजवले ते 'हजर' या एका शब्दासाठी. आज पहिल्यांदा कुठल्या तरी कागदावर तो हजर होता, तर ते तिनेच खोडायचं.

"आई," कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली स्वरा कुजबुजली, "बाबांचा वास वाढलाय गं..."

"पुस्तकात बघ."

तिने लिहिलं. गरिबाला लाज परवडते होय?

साक्षीदार म्हणून अण्णांना हाक मारली, तर ते "कोर्टकचेरी आपल्याला नको" म्हणत आत निघून गेले. "साक्षीदाराची जागा कोरी राहू दे, बघतो मी," म्हणत मेहुलने कागदाची घडी घातली, खोकं प्लास्टिकात गुंडाळलं आणि गेला.

ती वळली. त्या दोन कोरड्या जागा आता ओल्या होत्या. तिथून ओली पावलं उंबऱ्यापर्यंत गेली होती, बोटं बाहेरच्या दिशेला. वास साफ गेला होता. इतका तो शर्ट धुतल्यावरही कधी गेला नव्हता. सोजराबाईने तोंडात पदर कोंबला. "अहो..." एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेहुलचा फोन आला. "ताई, मंजूर झालं तुमचं. पण साक्षीदाराची सही कधी घेतलीत?"

"कुणाची?"

"अक्षर लागत नाही... तेवढाच कागद ओला आहे, जळाल्यासारखा. खाली दोन रेघा राहिल्यात फक्त. दुसरी जरा तिरपी."