ऐकलेल्या पक्ष्याची नोंद

विषय: मुलुंड पूर्वेकडील खाडीकाठच्या कांदळवनात सूर्यास्तानंतर प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ: गेल्या जानेवारीतील वार्षिक पक्षिगणना.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, हा अर्ज मी लिहून दिला आहे. अर्जदार ऋता, माझ्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहते. अर्जात जे लिहिण्यासारखं नव्हतं, ते इथे सांगतो.

थंडीत पाहुणे पक्षी खाडीवर उतरतात आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांना मोजणारे. दोहोंत मोजणाऱ्यांची पिसं अधिक महाग असतात. झाडात लपता यावं म्हणून ठिपक्याठिपक्यांच्या पँटी घालतात आणि चिवड्याची पिशवी फोडून अख्ख्या खाडीला कळवतात की आम्ही आलो. आमच्या तुकडीचा प्रमुख मुकुल, म्हणजे ऋताचा नवरा. ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून वर्षातला एक रविवार तो बगळ्यांवर हुकूमत गाजवतो. आकडे लिहायला कोणीतरी हवं होतं. निवृत्त माणूस रिकामाच असतो असा सार्वत्रिक समज असल्यामुळे मला नेलं.

ऋताला पक्ष्यांचं प्रेम नव्हतं, पण नवऱ्याचं होतं. तेही आश्चर्यच. ती मालाडच्या एका स्टुडिओत डबिंग करायची. कार्टूनमधला उंदीर तीच, मालिकेतली खाष्ट सासूही तीच. घर तिच्या गळ्यावर चालत होतं, मुकुलच्या दुर्बिणीवर नव्हे.

या मंडळींचा एक नियम आहे. पक्षी दिसला नाही, नुसता ऐकू आला, तरी मोजायचा. दुसरा नियम, मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बोलतं करायचं नाही. मुकुलला पाणकोंबडीच्या जातीतला एक लाजाळू पक्षी हवा होता, जो इथे कित्येक वर्षं कोणाला सापडला नव्हता. त्याने दोन्ही नियम पाळून अशी पळवाट काढली की आमच्या खात्यातल्या जुन्या हेडक्लार्कनेही त्याला चहा पाजला असता.

"ऋता, तू काढ ना त्याचा आवाज. तोंड म्हणजे काय मोबाइल नव्हे."

"मला नाही करायचं रे. घसा धरलाय. उद्या रेकॉर्डिंग आहे माझं."

"यार, एकदाच! उंदीर होतेस, सासू होतेस, पक्षी व्हायला काय झालं? काका, तुम्ही तरी सांगा हिला."

मी काही सांगितलं नाही. न सांगणे हा माझा नोकरीतला मुख्य गुण होता.

सूर्य मिठागरांपलीकडे टेकला होता. ओहोटी लागली होती, आणि उघड्या पडलेल्या चिखलाला कुजलेल्या पानांचा जड, गोडसर वास येत होता. बांधावर उभं राहून ऋताने हाक दिली. बारीक, कातरलेली, शेवटी किर्र करून तुटणारी. हुबेहूब. कांदळवनातून, खूप आतून, तशीच हाक आली.

"झकास! अजून एकदा!"

तिने पुन्हा दिली. उत्तर जवळून आलं. मधल्या फांद्या मात्र हलल्या नाहीत.

"अजून एकदा गं, शेवटची…"

तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही. इतका वेळ चिखलात टुकटुक करणारे पक्षी गप्प झाले. खेकडे बिळांत गेले. वाऱ्यावर हायवेची घरघर येत होती, तीही कुठेतरी बुडाली. मग समोरच्या झाडीतून, दहा-बारा हातांवरून, स्पष्ट ऐकू आलं…

"मला नाही करायचं रे. घसा धरलाय."

मी ऋताकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. तिने ते उघडले. नुसता श्वास बाहेर आला. पुन्हा उघडले. दोन्ही हातांनी गळा धरून ती मुकुलकडे बघत राहिली.

मुकुल पांढराफटक पडला होता. बायकोचा हात धरील असं मला वाटलं. तो माझ्याकडे वळून पुटपुटला, "काका… लिहून घ्या. एक. ऐकलेला."

नोंद मान्य झाली. मुकुलला प्रमाणपत्रही मिळालं, ते त्याने काच लावून दिवाणखान्यात टांगलं आहे. त्याखाली बसून ऋता मोबाइलवर टाइप करून स्वयंपाकाचं विचारते. डॉक्टरांना तिच्या गळ्यात काहीही सापडलं नाही, जे अक्षरशः खरं आहे. उंदराला दुसरी बाई मिळाली.

आता बांधाच्या तोंडाशी फाटक बसवलंय आणि संध्याकाळी कुलूप असतं. ऋताने मला टाइप करून दाखवलं, 'आवाज जिथे गेला तिथे जाऊन तोंड उघडून उभी राहीन. येईल परत.' म्हणून अर्ज. संबंधित कार्यालयाने विचारलं, आतून काय बाहेर आणणार? मी खरं ते कळवलं. त्यावर, आवाज ही वनोपज आहे काय, याबाबत त्यांनी वरून अभिप्राय मागवला आहे. मला या प्रश्नात हसण्यासारखं काही वाटलं नाही. नोकरीत मी याहून वाईट प्रश्न विचारलेत.

परवा संध्याकाळी ऋता माझ्यासमोर बसून स्मरणपत्रावर सही करत होती. तेवढ्यात गेटवरून इंटरकॉम वाजला. मी उचलला.

"काका…" ऋताचाच आवाज. खेळकर, जरासा ओला. "अर्ज मागे घ्या ना."

समोर ऋताचं पेन थांबलं होतं. तिलाही ऐकू आलं होतं.

मी म्हणालो, अर्ज मागे घ्यायला अर्जदाराची सही लागते. मग तिकडून विचारलं, "कोणत्या मजल्यावर आहे ती?"

मी रिसीव्हर खाली ठेवला. चौकीदार चहाला गेला होता, त्याने कोणाला पाहिलं नाही. ऋताने सही पूर्ण केली. स्मरणपत्र दुसऱ्या दिवशी पोच झालं.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.