चिठ्ठ्या मागून वाटायच्या असतात

कराड लोकसभा मतदारसंघ आता नकाशावर नाही. २००८च्या पुनर्रचनेत तो मोडला. पाटण साताऱ्याकडे गेलं, शिराळा हातकणंगल्याकडे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभ्या नोकरीत निवडणुकीची ड्युटी एकदाही चुकवली नाही, त्यामुळे या मोडलेल्या मतदारसंघाचा इतिहास आपणच लिहायचा, असं गेल्या वर्षी डोक्यात घेतलं. बायको रेश्मा म्हणाली, "लिवा की. तेवढीच घरात शांतता." मुलगी साक्षी खो खो हसली.

शेवटचं प्रकरण सोपं होतं, कारण २००४च्या शेवटच्या निवडणुकीत मी स्वतः ढवळेसड्याला केंद्राध्यक्ष होतो. ढवळेसडा म्हणजे पाटण आणि शिराळा तालुक्यांच्या शिवेवरचं पठार. साठेक उंबरे, दोन खोल्यांची शाळा, आणि रेश्माचं माहेर. तिथं त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

मतदानाची वेळ संपते तेव्हा जे रांगेत उभे असतात, त्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या देतो. एक नंबरची चिठ्ठी रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाला द्यायची आणि तिथून दाराकडे येत जायचं, असा नियम आहे. म्हणजे मागून कुणी घुसत नाही, रांग तिथंच बंद होते. मी उलटं केलं. दाराशी एक म्हातारी उन्हानं कासावीस झाली होती, तिची दया आली आणि पुढूनच वाटत सुटलो. एक ते तेवीस. तेवीस जणांनी मतं दिली, मशीनला लाख लावून सील केलं, आकडे जुळले. कुणाचं काही बिघडलं नाही, अशी मी माझी समजूत घातली.

इतिहासासाठी माहिती गोळा करायला मार्चमध्ये सड्यावर गेलो, तेव्हा हरिबा भेटला. हा तेव्हाचा पोलिंग एजंट. त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्यापुढं धरली.

"गुरुजी, ह्या तुमच्याच न्हवं?"

चिठ्ठ्या होत्या. चोविसापासून एकेचाळीसपर्यंत. प्रत्येकीवर माझी सही, खाली त्याच दिवसाची तारीख.

"कुठं मिळाल्या?"

"ज्याच्या त्याच्यापाशी. बनुबाईच्या चंचीत, आकारामच्या बंडीत. माणूस जायच्या चार-पाच दिस आदी घावती. सरकारी कागद हाय म्हून जपून ठिवल्या."

कुणाची तरी चेष्टा असणार, असं मी म्हणालो. पण घरी येऊन जुन्या कागदांवरच्या सह्या भिंगाखाली धरल्या. सहीतलं 'ना' काढताना माझा हात किंचित अडतो. त्या अठराही चिठ्ठ्यांवर तो तसाच अडला होता.

एप्रिलमध्ये मेहुण्याचा फोन आला. ज्योतिबा, फौजेतून रिटायर झालेला, अंगानं पहाडासारखा. "दाजी, तुमची चिठ्ठी घावली की माज्या खिशात! बेचाळीस लंबर. आता कुणाला मत द्यायचं म्हंता?" तो लय हसला. पाचव्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर बसल्या बसल्या गेला.

त्याचं तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी रेश्मा कपाटातली लुगडी उलगडत होती. घडीतून काहीतरी खाली पडलं. ते घेऊन ती माझ्यापाशी आली.

"आवं, ही तुमचीच सही न्हवं?"

त्रेचाळीस.

"व्हय," मी म्हणालो. आमची तीस वर्षांची सोबत, पण मला तिच्या तोंडाकडं बघवेना. मी घाबरलो होतो.

डॉक्टरांनी तिला तपासलं. सगळं ठणठणीत. तीन रात्री मी जागून काढल्या आणि एकच गोष्ट सुचली. ती रांग मागून उघडी राहिली होती. मी उघडी ठेवली होती. रेश्मा तिच्यात उभी राहायच्या आत ती बंद करायची. जो शेवटी उभा असेल त्याच्या हातात एक नंबर ठेवायचा.

चौथ्या दिवशी साक्षीला आईजवळ बसवलं आणि साताऱ्याहून निघालो. पाटणपर्यंत एस.टी., पुढं वडापची जीप. सड्यावर पोचायला पावणेपाच झाले. ऊन मी म्हणत होतं. शाळा दोन वर्षांपूर्वी पटाअभावी बंद झालेली. हरिबानं फाटक उघडून दिलं आणि तो बाहेरच थांबला.

"तुमी जावा. मला आजून चिठ्ठी न्हाई."

पटांगणात कोणीच नव्हतं. पण लाख जळाल्याचा वास येत होता, ताजा.

मग गवत दिसलं. गुडघाभर वाळलेलं गवत, आणि शाळेच्या दारापासून आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत एका ओळीत दबलेलं. दोन-दोन पावलांएवढं. मी मोजलं. एकोणीस जोड्या.

कुणीतरी खोकलं. बांगड्या वाजल्या. उन्हात बराच वेळ उभी राहिलेली माणसं पाय बदलतात, तशी चपलांची चुळबुळ.

मी रांगेच्या कडेनं मागं चालत गेलो. डाव्या हाताला कुणाचा तरी पदर लागला. मी तिकडं पाहिलं नाही.

एकोणिसाव्या जोडीपाशी थांबलो. लष्करी बुटांएवढे मोठे ठसे. ज्योतिबा.

खिशातून कोरी चिठ्ठी काढून तिच्यावर 'एक' लिहिलं. सही केली. हात पुढं केला.

आणि ज्योतिबाच्या मागचं गवत हळूहळू दबलं. आधी डावं पाऊल. मग उजवं.

"आवं," रेश्मा म्हणाली. "त्येला नगं. मला द्या."

"तू घरी जा." मी म्हणालो. "रेश्मा, घरी जा."

"आता कुठली जाती? उभी ऱ्हायले मी." ती भाजीवाल्याशी बोलावं तितकं सरळ बोलत होती. "मगाशी साक्षीच्या पर्समदी चव्वेचाळीस घावला. ती यायच्या आदी द्या. माज्या मागं कुणी नगं."

खिशातला फोन वाजायला लागला. साक्षीचा होता.

मी तो घेतला नाही. हात एकोणिसाव्या जोडीवरून विसावीकडं नेला. चिठ्ठी कुणीतरी अलगद घेतली. बोटं अजून गरम होती.

फोन वाजतच राहिला.

दारापासून वाळलेलं गवत एकेका जोडीनं सरळ झालं, आणि एक पाऊल पुढं पुन्हा दबलं.