थाळ्या परत जाणार नाहीत

रॉक संगीत बंडातून जन्मतं, असं गंभीर चेहऱ्याची माणसं सांगतात. किट्वेच्या तांबेखाणीच्या वस्तीत ते दोन थाळ्यांतून जन्मलं, त्याही जेवणाच्या.

गवताच्या कुंपणाआड वयात आलेल्या एका मुलीचा सोहळा चालला होता. तिथे पुरुषांना मज्जाव, ढोलावर बायकाच. रॉक बँडचा गिटारवाला सिताली पश्चिमेकडच्या लोझी जमातीचा, पायात चार बोटं उंच टाचांचे बूट. त्याला इथल्या बेंबा लोकांच्या रीती ठाऊक नव्हत्या. त्याचा ड्रमर खाणीत पाळीवर लागल्यापासून सिताली नव्या ड्रमरसाठी कान टवकारूनच हिंडत होता. कमरेला गुंडाळलेलं चितेंग्याचं छापील कापड घट्ट करत न्कांडू नावाची तरुणी बाहेर आली, तसं त्याने विचारलं, "आत ढोल वाजवत होता तो कुठाय?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे."

सिताली तिच्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत राहिला... मग — जरा उशिराच — डोळ्यांकडे.

"शनिवारी आमच्या बँडमध्ये वाजवशील?"

"झांजा आहेत?"

"आहेत की," तो म्हणाला. नव्हत्या.

न्कांडूची आत्या बाना म्वेवा सोहळ्यांची गुरू. तिने साफ नाही म्हटलं. ढोल मुलींना शहाणं करायला असतो, बिअर प्यायलेल्यांना नाचवायला नाही. न्कांडूने ऐकून घेतलं आणि पालथ्या बादल्यांवर तीन दिवस सराव केला. तिला शनिवार हवा होता. सिताली हवा होता का, हे तिने बादल्यांनाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सिताली झांजा घेऊन आला. म्हणजे एनॅमलच्या दोन थाळ्या, एकीवर एक पालथी, फडक्यात बांधलेल्या. आत त्या बसवायचे नटबोल्ट खुळखुळत होते. धुण्याच्या पाण्यावरून टाचा घसरल्या आणि तो थाळ्यांसकट आत्यापुढे गुडघ्यांवर आला.

बेंबांच्या घरी अशा झाकलेल्या थाळ्या गुडघे टेकून पुढे केल्या की अर्थ एकच. लग्नाची मागणी. थाळ्या ठेवून घेतल्या तर होकार, परत केल्या तर नकार.

"मध्यस्थ कुठाय?" आत्याने विचारलं.

"कशाला? मी एकट्यानेच केलं सगळं."

"बूट बघूनच वाटलं."

हसू आवरत न्कांडूने त्याला अर्थ सांगितला. त्याचे कान तापले. आत्याने फर्मावलं, थाळ्या परत कर, शनिवारही विसर. न्कांडूने थाळ्या उराशी धरल्या.

"परत जाणार नाहीत."

"थाळ्या घेतल्यास तर माणूसही घ्यावा लागेल, पोरी."

"मग घेते. पण वाजवणार मी. नवऱ्याचा ताल सांभाळ, हे तुम्हीच शिकवलंत ना, आत्या?"

 तीस वर्षं आत्याने प्रत्येक मुलीला हेच शिकवलं होतं.

"मला... कुणी विचारणार आहे का?" सिताली अजून गुडघ्यांवरच होता.

"थाळ्या परत हव्यात?"

तो त्या तळव्यांकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. "अजिबात — नाही."

शनिवारी दुसऱ्याच गाण्यात न्कांडूच्या काठीने उजव्या थाळीचा एनॅमल उडाला. आवाज तसाही झांजेसारखा येत नव्हता.