आधी आबा

"हा हातोडा तुमचा? आमच्या आबांना ठोकायला आणलाय की काय?"

उत्कर्षाने वळून पाहिलं. तिच्या खिशातून निसटून पलंगाखाली घरंगळलेला रबरी डोक्याचा हातोडा घेऊन एक उंच तरुण उभा होता… ओठ दाबून हसत. फिजिओथेरपीची इंटर्नशिप सुरू होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. वॉर्डात चेहरा गंभीर ठेवायचा असतो हे ती शिकली होती. जमत नव्हतं एवढंच.

"गुडघ्याखाली हलकेच मारून पाय किती उडतो ते बघतात. त्याआधी हातपाय वाकवून ताठरपणा बघतात. पेशंटने फक्त अंग सैल सोडायचं."

"माझ्यावर दाखवा की." त्या तरुणाने, ऋषीने, मनगट पुढे केलं. तिने ते धरून कोपरातून वाकवलं, तर हात काठीसारखा ताठ!

"सैल सोडा ना."

"तुम्ही धरल्यावर कसा सुटणार?"

पलंगावरून हिंदुराव, म्हणजे त्याचे आबा, खाकरले. "पोरी, पेशंट म्या हाय."

ती लाजून हसली. तेवढ्यात चहा आला, गप्पा रंगल्या. त्यांचं शिवणे गावातलं शेत, त्याची हिंजवडीची नोकरी, तिच्या कर्वेनगरच्या मेसमधली ओळखू न येणारी भाजी… अर्धा तास कुठे गेला कळलंच नाही. मग घाईघाईत तिने आबा भरती झाले त्या दिवसाची, आठ दिवसांपूर्वीची नोंद पाहिली आणि तीच आजच्या तारखेला उतरवली. स्नायूंचा ताण नॉर्मल, रिफ्लेक्स नॉर्मल. ऋषीकडून परत घेतलेला हातोडा खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी राउंडला वॉर्डाच्या सर्जन जया मॅडमनी आबांच्या गुडघ्याखाली हातोडा मारला मात्र, पाय ताडकन उडाला. पाऊल वर दाबून धरलं, तर ते थडथडतच राहिलं.

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "कालपर्यंत नॉर्मल, आणि एका रात्रीत हे? मानेत मज्जारज्जू दाबला जातोय. मग आजच ऑपरेशन करावं लागेल. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, रक्तस्राव आवरणार नाही कदाचित… पण इलाज नाही. उत्कर्षा, काल नीट तपासलं होतंस ना?"

"तपासलं की!" ऋषीच बोलला. "मी इथेच होतो." आणि त्याने तिच्याकडे हळूच पाहिलं.

तिच्या कानशिलांत आग पेटली. नुसतं गप्प राहिलं की सुटका होती. पण आबा तिच्याकडेच बघत होते, विश्वासाने. "तुमी म्हनाल तसं," म्हणत होते.

"नाही मॅडम… मी काल हातोडा बाहेरच काढला नाही. आठ दिवसांपूर्वीची नोंद उतरवली. मी— मी गप्पा मारत होते."

"अस्सं. मग त्या गप्पा कुठल्या रकान्यात लिहिल्यात आपण?"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला झालं. पण बदल एका रात्रीतला नव्हे, आठ दिवसांत होत आलेला असू शकतो, म्हणजे थोडं थांबता येईल, एवढं तरी मॅडमना कळलं. त्यांनी तातडीने स्कॅन केला, गोळी थांबवली आणि तिचा असर उतरल्यावर, पाच दिवसांनी ऑपरेशन केलं. ते नीट पार पडलं. उत्कर्षाची वॉर्डातून जुन्या फायली लावायला बदली झाली. जिन्यात ऋषी दिसला की ती मागच्या मागे वळायची.

सहा आठवड्यांनी ती पुन्हा ओपीडीत बसू लागली, आणि पहिल्याच सकाळी आबा काठी टेकत आत आले. मागे ऋषी, मान खाली.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुम्हाला वाचवायला. तुम्हीही गप्प बसला असतात, तर आबांना मीच…" त्याने आबांच्या काठीकडे पाहिलं. "रोज भेटायचं ठरवायचो. जिन्यात तुम्ही वळायचात ना… बरंच वाटायचं मला. तोंड दाखवायची लाज वाटायची."

सहा आठवडे ती समजत होती, लाज फक्त तिच्याच वाट्याला आलीय.

"मलाही," ती पुटपुटली. "इतकं सगळं होऊनही तुमच्याशीच बोलावंसं वाटायचं… त्याची तर जास्तच."

"मग… बोलूया?"

"आधी आबा."

तिने हातोडा काढला. दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे, दोन्ही कोपर. प्रत्येक सांधा सावकाश वाकवून पाहिला, आणि जे हाताला लागलं तेच लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"झालं न्हवं?" आबा म्हणाले. "आता ह्याचं बघ. लई दिस ताठलाय."

उत्कर्षाने ऋषीचं मनगट धरलं, कोपरातून वाकवलं. या वेळी हात अलगद आला.

"हं," ती म्हणाली, "आता बोला."