डावं पेडल

हे घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत. शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, जमिनीपासून चार हजार फुटांवर.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी मुळातच संशयी. आई म्हणते, ही बाई पावसाकडेसुद्धा पावती मागेल. भुताखेतांच्या गप्पा ऐकून हसणाऱ्यांतली मी. हे आधीच सांगून ठेवते.

मी पायलट आहे. तेव्हा फक्त एका इंजिनाची विमानं उडवत होते. दोन वर्षं अर्ज करून करून एका कंपनीचा होकार आला, आणि त्याला एक अट होती. दोन इंजिनांच्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायचा परवाना, पुढच्या सोमवारच्या आत हवं. सोमवार चुकला की जागा दुसऱ्याला.

म्हणून मी एका छोट्या फ्लाइंग स्कूलचा, म्हणजे विमान शिकवणाऱ्या शाळेचा, पाच दिवसांचा कोर्स धरला. मंगळवार ते शुक्रवार शिकायचं, शनिवारी टेस्ट. बाकीच्यांकडे याला तीन-तीन आठवडे लागत होते.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "पाच दिवसांत तुला सायकलपण आली नव्हती."

"सायकल तू शिकवत होतास," मी म्हटलं.

शाळा म्हणजे छोट्या धावपट्टीच्या टोकाला एक हँगर, त्याला चिकटून एक खोली. खोलीत फळा, चहाची किटली, फाटका सोफा. विमान एकच. पांढरं, जुनं, दोन इंजिनांचं. भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. सगळे हसरे, सगळ्यांच्या हातात कागद.

एकाही फोटोत विमान नव्हतं.

सगळे हँगरच्या दाराशी उभे. पायलट माणूस विमानाला टेकून फोटो काढल्याशिवाय राहत नाही हो. तिथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. या कोर्समध्ये मुख्य गोष्ट एकच असते, हवेत एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं. सर शेजारी उजव्या सीटवर बसतात, थ्रॉटलसमोर, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांसमोर, पुठ्ठा धरतात आणि गुपचूप एक इंजिन मंद करतात. विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडे वळतं. आपण उलट्या बाजूचं पेडल पायाने दाबून नाक सरळ करायचं. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचं इंजिन गेलं. ते ओळखून तेच बंद करायचं. चुकून चांगलं बंद केलंत तर संपलंच.

आणि दोन्ही सीटची पेडल्स आतून जोडलेली असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही खाली जातं.

मंगळवारी सरांनी पुठ्ठा धरला. नाक उजवीकडे गेलं. म्हणजे मला डावं पेडल दाबायचं होतं. मी पाय उचलला, आणि...

पेडल आधीच खाली गेलेलं होतं.

"छान," सर म्हणाले. "पाय चपळ आहेत तुमचे."

मी दाबलंच नव्हतं.

बुधवारी सात वेळा तसंच झालं. माझी खात्रीच पटली की सर मदत करतायत. शाळेच्या जाहिरातीत लिहिलंच होतं, 'आजवर एकही विद्यार्थी नापास नाही.' असे पास करत असणार. पण शनिवारी त्या सीटवर परीक्षक बसणार होते. मग माझे वाभाडे निघणार आणि नोकरी गेली.

मी सरळ म्हटलं, "सर, पेडल दाबू नका. मला माझं येऊ दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी दाबत नाही."

पुढच्या वेळी मी खाली वाकून बघितलं. सरांचे पाय मागे होते. सीटखाली, एकात एक अडकवून ठेवलेले.

आणि त्यांच्यासमोरचं डावं पेडल... सावकाश आत जात होतं.

त्या संध्याकाळी मी लॉगबुक उघडलं. दोन दिवसांत अकरा वेळा इंजिन बंद केलं होतं. अकराही वेळा उजवं. डावं एकदाही नाही.

गुरुवारी विचारलं, "सर, डावं कधी करायचं?"

"होईल."

"टेस्टला येईल ना तेही."

"नाही येत." फार ठामपणे म्हणाले. "इथले परीक्षक ठरलेले आहेत. ते उजवंच बंद करतात."

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी हँगरमध्ये मेकॅनिक काकांना गाठलं. ते पंखाखाली बसून काहीतरी पुसत होते.

"काका, डावं पेडल आपोआप जातं."

असं होत नसतं, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाय टेकवल्यासारखं जातं, की दाबल्यासारखं?"

"दाबल्यासारखं."

"हं." हात पुसत राहिले. "चार वेळा सगळं उघडून पाहिलंय मी. तारा, कप्प्या, सगळं. काही नाही. फक्त सरांच्या, उजव्या सीटच्या डाव्या पेडलचं रबर दर दोन महिन्यांनी बदलावं लागतं."

मी आत डोकावले. तीन पेडल्सची रबरं जुनी, करडी, कडक झालेली. चौथं नवं, काळं कुळकुळीत. आणि पुढच्या टोकाला... आत्ताच झिजलेलं.

"त्या सीटवर कोणी दगावलंय का, काका?"

ते उठले, फडकं खांद्यावर टाकलं आणि हँगरबाहेर निघून गेले.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी बॅग भरली असती. पण दुसरी शाळा शोधायची म्हणजे सोमवार गेला. मी राहिले. याचा मला आजही राग येतो.

शनिवारी ठरलेले परीक्षक आलेच नाहीत. आजारी पडले होते. त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, बाहेरच्या. त्यांना बघून सरांचा चेहरा उतरला.

"मॅडम, डावं इंजिन जरा गरम होतं," सर म्हणाले. "तेवढं बंद करू नका."

"मग हे विमान टेस्टला ठेवलंत कशाला?"

सर बाजूला झाले. मी हेडसेट उचलून विमानात चढले. मी एक शब्द बोलले असते तर टेस्ट रद्द झाली असती.

वर गेल्यावर मॅडमनी आधी उजवं बंद केलं. डावं पेडल गेलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग पुन्हा पुठ्ठा धरला.

नाक... डावीकडे गेलं.

मी उजवा पाय दाबला. पेडल हलेना. अंगातलं सगळं बळ लावलं तरी हलेना. कारण डावं पेडल पार तळाला गेलं होतं.

"डावं सोडा," मॅडम म्हणाल्या.

"मी दाबत नाहीये."

"सोडा म्हणते ना."

मी डावा पाय उचलून गुडघा छातीशी घेतला. मॅडमनी बघितलं. माझा पाय वर. त्यांचे दोन्ही पाय मागे. आणि पेडल तळालाच.

डावा पंख खाली जायला लागला. माझ्या खिडकीत आभाळ उरलं नाही, नुसती शेतं.

तेवढ्यात हेडसेटमध्ये... श्वास ऐकू आला. जोर लावणाऱ्या माणसाचा असतो तसा. माझा नव्हता, मी श्वास रोखून होते. मॅडमचा माइक तर हनुवटीखाली गेलेला होता.

मी उजव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला. दोन्ही इंजिनं मंद झाली. आता एका बाजूने ढकलणारं इंजिन तरी उरलं नव्हतं. पंख हळूहळू वर आला.

मग पेडल उठलं. कोणीतरी थकून पाय काढून घ्यावा, तसं.

उतरल्यावर मॅडम खोलीत कागद भरत बसल्या. माझ्या अर्जावर कंपनीने दिलेली तारीख होती, तिच्यावर त्यांनी पेन टेकवलं.

"नोकरी आहे ना सोमवारी?"

"हो."

"आज पाहिलं ते लिहिलं तर आधी आपल्या दोघींच्या डोक्याची तपासणी होईल. माझंही उडणं बंद, तुमचंही." त्यांनी सही केली. "इंजिन गेलं, तुम्ही सावरलंत. एवढंच झालं."

बाहेर सर स्टुलावर बसले होते. पास की नापास, त्यांनी विचारलंच नाही.

"कोणतं बंद केलं?"

"डावं."

 ते खाली बघून म्हणाले, "त्याला अजून उजवंच गेलंय असं वाटतं."

"कोणाला, सर?"

"चला," ते उठले, "फोटो काढायचा राहिलाय तुमचा."

मी दाराशी उभी राहिले. कागद हातात धरला. आणि हसले. खरं सांगते, मला तेव्हा आनंदच झाला होता.

सोमवारी नोकरीवर रुजू झाले. याला आता आठ महिने झाले.

परवा एका मुलीचा फोन आला. माझा नंबर तिने शाळेतूनच मिळवला होता. तिलाही घाई आहे, तिचीही जागा अडली आहे. थोडं इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "ताई, त्या विमानात काही आहे का?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुम्ही पास कशा झालात? आणि तो प्रश्न आज ना उद्या माझ्या कंपनीपर्यंत पोचला असता.

मी म्हटलं, "काही नाही गं. आदल्या दिवशी नीट झोप घे."

उद्या सकाळी तिची टेस्ट आहे. परीक्षक कोण येणार, मला माहीत नाही.

हे लिहून झालं की तिला फोन करायचा, असं ठरवून बसले होते. लिहून झालंय. तिचा नंबर समोर आहे आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचत बसलेय.