कापलेलं सील

पावसाची सर चुकवायला म्हणून झोर्नित्सा त्या कम्प्युटरच्या दुकानात शिरली, आणि शिरल्या शिरल्या काउंटरमागच्या तरुणावर तिचा संशय बसला.

"हा महागडा मदरबोर्ड गेमिंगला चांगला ना?" तिनं विचारलं.

"नका घेऊ," तो म्हणाला. बिल्ल्यावर नाव होतं दाम्यान. "दिवे छान लागतात, जोडण्या जास्त मिळतात. पण गेम पळणार तेवढाच. हा अर्ध्या किमतीचा घ्या, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला."

दुकानदार आणि स्वस्त घ्या म्हणतोय? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. झोर्नित्सा प्लोव्दिव शहरातल्या एका औषधाच्या दुकानात कामाला होती. सील आणि तारखा तपासण्यात तिचा दिवस जाई. त्यात मागच्या वर्षी तिच्या प्रियकरानं स्वतःचं वापरून घासलेलं ग्राफिक्स कार्ड नवं म्हणून तिच्या गळ्यात मारलं होतं. कार्ड महिन्यात गेलं, पाठोपाठ तोही. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

"यात तुमचा काय फायदा?"

"तुम्ही परत याल."

"आणि नाही आले तर?"

"तर... महागडाच विकायला हवा होता, असं म्हणेन." तो हसला. गालाला खळी पडली. खळीवाल्यांवर तर तिचा मुळीच भरवसा नव्हता.

तरी ती परत गेली. तीनदा! कधी पंख्याचं निमित्त, कधी केबलचं... दर वेळी दाम्यान आपल्या चीजभरल्या बानित्साचा अर्धा तुकडा तिच्यापुढे सरकवायचा, आणि खाण्याआधी ती विचारायची, "आजचीच आहे ना?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तिनं स्वस्तातला बोर्ड घेतला. खोकं हातात देताना तो जरा घुटमळला. "उद्याच उघडा हं... आज नको."

उघडू नका म्हटल्यावर कोण थांबतंय! घरी पोचताच तिनं खोकं दिव्याखाली धरलं. सील कापलेलं होतं. आत, बोर्डाखाली, लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा. ती तर एक मार्चला, म्हणजे उद्या, मनगटावर बांधायची. मग ही नक्की गेल्या वसंतातली, आधीच्या गिऱ्हाइकाच्या हातातून गळलेली! झोर्नित्साला रडूच फुटलं. पैशांचं तिला एवढं वाटलं नाही. हा तसा नसावा, असं तिला फार फार वाटत होतं.

सकाळी रस्त्यात ज्याच्या त्याच्या मनगटावर लाल-पांढरे दोरे होते. तिचंच रिकामं. तिनं खोकं काउंटरवर आदळलं.

"वापरलेला माल नवा म्हणून खपवता? आधीच्या बाईची मार्तेनित्सा तरी काढायची!"

दाम्यानचा चेहरा उतरला. "कालच उघडलंत?"

"मग! सील कुणी कापलं?"

"मी. बोर्डातलं सॉफ्टवेअर जुनं, तुम्ही सांगितलेला तुमचा प्रोसेसर नवा. ते बदललं नसतं तर पडदा काळाच राहिला असता. मग तुम्ही मला चोर म्हणाला असता."

"ते तर आताही म्हणतेय. दाखवा."

त्यानं तिचा बोर्ड टेबलावर जोडला, वर दुकानातला, तिच्याकडे होता तसलाच, नवा प्रोसेसर बसवला. पडदा उजळला. मग कपाटातून तसाच दुसरा बोर्ड, सीलबंद, काढला. तिच्यासमोर सील कापलं, तोच प्रोसेसर त्यात घातला. पडदा काळा तो काळाच.

झोर्नित्साला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि... दोरा?"

"एक मार्चच्या आधी हातात द्यायची नसते ना," तो खोक्याशी बोलल्यासारखं पुटपुटला. "आज उघडाल म्हणून आत ठेवली. मीच वळलीय."

"तरीच एवढी वाकडी!" ती हसली, आणि डोळे मात्र भरून आले. किती दिवसांनी कुणी तिला न फसवता काही दिलं होतं! तिनं मनगट पुढे केलं. "बांध. आणि घट्ट... सुटली तर पुन्हा तुझ्यावरच संशय घेईन."

गाठ मारून झाली तरी त्यानं हात सोडला नाही.

"कधीपर्यंत ठेवशील?"

"फुललेलं झाड दिसलं की काढायची. रीतच आहे."

दाम्याननं खिडकीबाहेर पाहिलं. मग नाइलाजानं म्हणाला, "सांगायलाच हवं... समोर बदाम फुललाय. कालच."

झोर्नित्सानं खिडकीकडे चक्क पाठ फिरवली.

"दुकानदारांच्या बोलण्यावर," ती म्हणाली, "माझा मुळीच विश्वास नाही."