तीसचा उंबरठा

सोलापूरच्या प्रवृत्ती-मापन केंद्रात डॉ. मंदोदरी काळे यांनी भयमापक तयार केला, तो खरं तर शस्त्रक्रियेआधी घाबरणाऱ्या रुग्णांसाठी. कानाशी अचानक मोठा आवाज करायचा आणि काळजाची धडधड, तळहाताचा घाम किती वाढतो ते मोजायचं. भित्र्या माणसाचा आकडा नव्वदीत जाई, निडर माणसाचा विशीत राही. केंद्राचे संचालक विश्वजित राजेशिर्के निवृत्त पोलीस अधिकारी होते. त्यांना त्या यंत्रात दुसरंच काही दिसलं.

"गुन्हा करणारा माणूस तोलून पाहतो," त्यांनी मंदोदरीला समजावलं होतं. "एका पारड्यात फायदा, दुसऱ्यात शिक्षेची भीती. काहींच्या दुसऱ्या पारड्यात जन्मतःच वजन नसतं. गरिबी, बेकारी असली कारणं शोधत बसायला शहराला वेळ नाही. अशी माणसं आधीच हेरायची आणि त्यांना दारं बंद करायची."

तसा कायदा झाला. शहरातली दारं प्रत्येकाच्या मनगटपट्ट्याने उघडत; ज्याचा आकडा तीसच्या खाली, त्याच्या पट्ट्याने मंडई, स्थानक, सरकारी कचेरी, कुठलंच दार उघडणार नाही. उंबरठा सगळ्या शहराला एकच. अपवाद ठेवला की वशिला आला, म्हणून अपवाद कुणालाच नाही, हा राजेशिर्क्यांचाच आग्रह. उंबरठा हलवायचा तर फक्त संचालकांच्या आदेशाने, आणि तोही सगळ्यांसाठी.

मोजणी मात्र चार वस्त्यांतून सुरू झाली. त्यातली एक पारध्यांची, मंदोदरी लहानाची मोठी झाली ती. चार हजारांत दोनशे बारा जण तीसच्या खाली निघाले. तिची मावसबहीण तारामती मंडईत भाजी विकायची. तिचा आकडा चोवीस आला. मंडईचं दार बंद झालं तशी ती केंद्रावर आली. तेही दार उघडेना, म्हणून मंदोदरीच बाहेर गेली.

"मागल्या साली हिरीत पडलेली दोन माणसं मी काढली," तारामती म्हणाली. "तवा मला भ्या वाटत न्हाई म्हणून ह्या सरकारी लोकांनीच हार घातला. आता त्याच्याच पायी दार लावलं व्हय, मंदे?"

मंदोदरीच्या खापरपणजोबांना इंग्रजांच्या काळात जन्माने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी द्यावी लागे. या वेळचं कुंपण तिने स्वतःच्या हातांनी उभारलं होतं.

ती तशीच राजेशिर्क्यांकडे गेली आणि उंबरठा वीसवर आणायला सांगितला. त्यांनी साफ नकार दिला. यंत्र जात पाहत नाही तसं नातंही पाहत नाही, असं ऐकवलं.

"मग ते वस्त्यांतूनच का फिरतं?" तिने विचारलं. "कायद्यात तर 'प्रत्येक नागरिक' लिहिलंय."

राजेशिर्के दुखावले नाहीत, उलट खूश झाले. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी शहरभर मोजणीचा हुकूम काढला. कुणी दबाव आणू नये म्हणून आकडे अंमलाच्या दिवसापर्यंत गुप्त ठेवले, स्वतःही पाहिले नाहीत.

त्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाचे निम्मे जवान स्वतःच्याच ठाण्याबाहेर अडकले. अपघात विभागातले तीन शल्यचिकित्सक रुग्णालयाच्या पायरीवर उभे राहिले. शीघ्र पोलीस पथकातल्या साठांपैकी एक्केचाळीस जणांना शस्त्रागार उघडेना. आणि दहा वाजता केंद्राच्या काचेच्या दारासमोर राजेशिर्के मनगट आपटत होते. आतून मंदोदरीने त्यांचा आकडा पाहिला. एकोणीस. शहरात सगळ्यांत कमी.

"मी बंदुकीसमोर उभा राहिलेला माणूस आहे," ते दारावरच्या ध्वनिक्षेपकातून बोलले. "आकडा कमी येणारच. म्हणून मी गुन्हेगार ठरत नाही. माझ्या धाडसाला काम मिळालं, मान मिळाला."

"तारामतीच्या धाडसालाही काम होतं, सर. ते तुम्ही काढून घेतलंत. आणि यंत्र मी दिलं."

त्यांनी दार उघडायला फर्मावलं. तिने थंडपणे सांगितलं, की यंत्राला माणूस कळत नाही, आकडा कळतो. त्यांना आत घ्यायचं तर उंबरठा एकोणीसवर आणावा लागेल. मग शहरात त्याच्या खाली एकही माणूस उरणार नाही. सगळ्यांची सगळी दारं उघडतील.

राजेशिर्क्यांनी आणखी एकदा मनगट दाराला लावून पाहिलं. मग म्हणाले, "करा."

दोनशे बारा माणसं महिनाभर दाराबाहेर होती, तेव्हा हा आकडा एका अंशानेही हलला नव्हता. तिने एकोणीस लिहिलं. खाली बदलाचं कारण नोंदवणं सक्तीचं होतं. तिने लिहिलं: संचालकांना आत यायचं होतं.